रिॲलॉक वापरताय? या चुका टाळा

२०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. आमच्या तोंडी अजून बेळगावच आहे, ते सोडा. पण नाव बदललं म्हणून गाव काही हललं नाही. किल्ला, कपिलेश्वर, खडे बाजार, सगळं जागच्या जागी. सी भाषेतल्या रिॲलॉकचं, म्हणजे घेतलेल्या मेमरीचा आकार बदलून देणाऱ्या फंक्शनचं, नेमकं उलटं. व्हेरिएबलचं नाव तेच राहतं आणि गाव मात्र उठून दुसरीकडं गेलेलं असतं.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. "सर, काल चालत होता की!" घरच्या ऊसगाड्यांच्या वजनाचा प्रोग्रॅम. मॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शननं १६ नोंदींची जागा घेतलेली, भरली की रिॲलॉकनं दुप्पट. शिवाय एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारं व्हेरिएबल), आजवरच्या सगळ्यात जड गाडीच्या नोंदीवर रोखलेला. दहाबारा गाड्या घालून बघितलं तेव्हा सगळं बरोबर. वडिलांनी हंगामाच्या सगळ्या पावत्या पुढ्यात टाकल्या आणि सगळ्यात जड गाडी उणे वजनाची निघाली.

झालं असं. ब्लॉकच्या, म्हणजे आपण घेतलेल्या जागेच्या, शेजारी जागा मोकळी असली तर रिॲलॉक तिथंच हातपाय पसरतं. नसली तर दुसरीकडं मोठी जागा शोधतं, जुना मजकूर तिकडं उतरवतं आणि जुनी जागा सोडून देतं. ॲरेच्या (नोंदींच्या रांगेच्या) मुख्य पॉइंटरला नवा पत्ता मिळाला. जड गाडीवाला पॉइंटर मात्र जुन्याच दारात उभा, आणि त्या घरात आता दुसरं कुणी राहायला आलेलं. उपाय दोन ओळींचा होता: पॉइंटरऐवजी नोंदीचा क्रमांक जपून ठेवायचा. ब्लॉक कुठंही जावो, सातवी नोंद सातवीच राहते.

"पण माझ्याकडं ब्लॉक हलतच नाही" असं म्हणणारे भेटतात. ६४ बिटांच्या लिनक्सवर जीलिबसी या सीच्या लायब्ररीकडं १० बाइट मागितले तरी हातात २४ बाइट पडतात. १० चे २० केले तर हलायचं कारणच नाही, आणि चूक झाकून राहते. म्हणून मी मुलांना ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावूनच कंपाइल करायला लावतो. त्याचं रिॲलॉक दर खेपेला ब्लॉक मुद्दाम नव्या जागी नेतं. जुना पत्ता वापरला रे वापरला की प्रोग्रॅम तिथंच थांबतो आणि ओळ क्रमांकासकट सांगतो.

(टर्बो सी या जुन्या कंपायलरवर वाढलेल्या आमच्या पिढीची खोड वेगळी. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मेमरीचा आकार बदलणारं इंटरप्ट २१ चं ४ए फंक्शन ब्लॉक कधीच हलवत नसे. जागच्या जागी वाढला तर वाढला. नाही तर प्रोसेसरच्या बीएक्स रजिस्टरमध्ये जास्तीत जास्त किती पॅरेग्राफ मिळतील तेवढं सांगून मोकळं, १६ बाइटांचा एक पॅरेग्राफ. ती सवय घेऊन लिनक्सवर आलेल्यांनी जरा जपून.)

दुसरी चूक सगळ्या वह्यांत सापडते: पी = रिॲलॉक(पी, नवा आकार). जागा मिळाली नाही तर रिॲलॉक नल (रिकामा पत्ता) देतं, पण जुना ब्लॉक शाबूत ठेवतं. तुम्ही त्याच पीमध्ये नल भरलात की जुन्या ब्लॉकचा पत्ता गेला. आता डेटाही हाती नाही आणि जागा फ्री करून परतसुद्धा देता येत नाही. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही याची खात्री करा, मगच पीला द्या. प्रयोगशाळेत जागा कधी संपत नाही, म्हणून ही सवय कुणाला लागत नाही. कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, ड्रायव्हर लिहायला घेतलंत की तिथलं के-रिॲलॉकही हेच करतं, आणि तिथं अशी हरवलेली जागा, म्हणजे गळती, मशीन रीस्टार्ट होईपर्यंत तशीच राहते.

आकार बाइटांत द्यायचा असतो, नोंदींच्या संख्येत नाही. साइझऑफनं, म्हणजे एका नोंदीच्या बाइटांनी, गुणायला विसरू नका. वाढीव जागेत शून्यं नसतात, कचरा असतो. आणि आकार शून्य देऊन ब्लॉक सोडवायची जुनी युक्ती बंद करा. सी२३ या सी भाषेच्या नव्या मानकात तिचं वर्तन अनिश्चित ठरवलंय. फ्री आहे की त्यासाठी.

आता माझ्या आवडीची भानगड. "रिॲलॉक(): इनव्हॅलिड नेक्स्ट साइझ" असा संदेश देऊन प्रोग्रॅम कोसळतो आणि मुलं रिॲलॉकच्या ओळीकडं तासन्‌तास बघत बसतात. ती ओळ बिचारी निर्दोष असते. आधीच कुणीतरी ब्लॉकच्या हद्दीबाहेर लिहिलेलं असतं. रिॲलॉक फक्त शेजारच्या ब्लॉकचा आकार वाचायला जातं आणि तिथं भलतंच काही सापडतं.

आपल्याकडं हे हमखास गावांच्या नावांवरून होतं. "बेळगाव" म्हणजे चार अक्षरं आणि स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शेवटचं शून्य, म्हणून पाच बाइट मागायचे. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या दर खुणेला ३ बाइट लागतात, कन्नडलाही तेवढेच. त्या बाबतीत सीमावाद नाही. काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची. बेळगावच्या खुणा सहा, म्हणजे १८ बाइट अधिक शून्याचा एक, एकूण १९. मागितले पाच, मिळाले २४, त्यामुळं निभावलं. खानापूर २२, तेही निभावलं. टिळकवाडीच्या खुणा आठ, म्हणजे २४ आणि शून्याचा पंचविसावा बाइट. तो एकच बाइट पुढच्या ब्लॉकचा आकार लिहिलेल्या जागेवर जाऊन पडतो. पुढचा ब्लॉकही असाच लहान असेल तर त्याचा आकार शून्य दिसतो, आणि टिळकवाडीचा ब्लॉक वाढवायला गेलात की वरचा संदेश येतो.

तेव्हा हा संदेश दिसला तर त्या ब्लॉकमध्ये शेवटचं कुणी काय लिहिलं ते शोधा. स्ट्रिंग असेल तर अक्षरं बोटावर मोजू नका, स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला विचारा आणि त्यात एक मिळवा.