हिवाळ्यातील जपान: खेड्यात लवकर जेवावे, शहरात उशिरापर्यंत फिरावे

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जपानला जाणाऱ्या प्रवाशाने स्थळांची यादी करण्याआधी दोन वेळा ध्यानात घ्याव्यात: सूर्यास्ताची आणि रात्रीच्या जेवणाची. डिसेंबरात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगरांनी वेढलेल्या खेड्यांतून ऊन त्याहूनही आधी सरते. बहुतेक मंदिरे व बागा चार ते पाचच्या दरम्यान बंद होतात, तर खेड्यातील मुक्कामाच्या ठिकाणी सहाच्या सुमारास जेवण मांडलेले असते. शहरात याच्या उलट स्थिती असते. तेथे अंधार पडल्यावरच दिव्यांची रोषणाई, गल्ल्यांमधील छोटी उपाहारगृहे आणि दुकाने खऱ्या अर्थाने जागी होतात. म्हणून दिवसाचा उजेड खेड्यांना द्यावा आणि संध्याकाळ शहरांसाठी राखून ठेवावी. हे सूत्र धरून आखणी केली, तर हिवाळ्यातील अनेक गैरसोयी आपोआप टळतात.

हवामानाचा नकाशाही समजून घेतला पाहिजे. सैबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून जाताना बाष्प उचलतात आणि होन्शू बेटाच्या मधोमध उभ्या असलेल्या पर्वतरांगांना अडून पश्चिमेकडील बाजूस ते बर्फाच्या रूपाने रिते करतात. सह्याद्रीमुळे कोकण भिजते आणि देश त्या मानाने कोरडा राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. त्यामुळे कानाझावा व शिराकावा-गो येथे ढग, पाऊस आणि भरपूर बर्फ असतो, तर त्याच दिवशी टोकियोत निरभ्र आकाश व कोरडी हवा असू शकते. टोकियोतून फुजी पर्वत दिसण्याची सर्वांत चांगली शक्यता हिवाळ्यातील सकाळीच असते, आणि त्यासाठी पैसे खर्च करण्याचीही गरज नाही. शिंजुकू येथील महानगर शासनाच्या इमारतीतील २०२ मीटर उंचीवरचा निरीक्षण कक्ष सर्वांना विनामूल्य खुला आहे.

मार्ग आणि सामान

आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर टोकियो, नागानो, कानाझावा, शिराकावा-गो, ताकायामा, नागोया आणि क्योतो असा मार्ग मी सुचवीन. टोकियोहून नागानो व पुढे कानाझावा हा टप्पा शिंकानसेन या अतिजलद रेल्वेने होतो. कानाझावाहून शिराकावा-गोला बसने सुमारे सव्वा तास लागतो आणि तेथून ताकायामाला बसने साधारण पन्नास मिनिटे. ताकायामाहून ‘हिदा’ नावाची जलद गाडी दऱ्याखोऱ्यांतून नागोयाला जाते, आणि बर्फाने झाकलेल्या नदीकाठांचे दर्शन घडवणारा तो प्रवास स्वतःच एक प्रेक्षणीय गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्व जपानभर चालणाऱ्या रेल्वे पासचे दर बरेच वाढले आणि सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनांचा झाला. या मार्गावर टप्प्याटप्प्याची सुटी तिकिटे एकंदरीत स्वस्त पडतात, कारण मधले बसप्रवास त्या पासात येत नाहीत. बसची जागा मात्र आधी आरक्षित करावी. शिराकावा-गोच्या बस हिवाळ्यात भरलेल्या असतात.

मोठी बॅग ओढत बर्फातून चालणे हे निष्कारण कष्ट आहेत. जपानमध्ये ‘ताक्क्युबिन’ या घरपोच सेवेने हॉटेलमधूनच सामान पुढच्या शहरातील हॉटेलकडे पाठवता येते व ते बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. बर्फवृष्टीच्या काळात मात्र एक दिवस जास्तीचा धरावा. मोठे सामान टोकियोहून थेट क्योतोला पाठवून खेड्यांसाठी पाठीवरची एकच पिशवी ठेवणे सर्वांत सोयीचे ठरते. कपडे थरांमध्ये घालावेत, कारण गाड्या आणि दुकाने चांगलीच उबदार असतात. बूट पाणी न शिरणारे व खोल खाचांच्या तळव्याचे असावेत, शिवाय चटकन काढता येणारेही असावेत, कारण मंदिरे, जुनी घरे आणि अनेक उपाहारगृहे यांत पादत्राणे दाराशीच ठेवावी लागतात. ‘काइरो’ नावाच्या उष्णता देणाऱ्या छोट्या पुड्या कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळतात. चिकटणारी पुडी कपड्यावर लावावी, उघड्या त्वचेवर कधीही लावू नये.

नागानो आणि कानाझावा

नागानो येथे झेनकोजी या प्राचीन मंदिराच्या वाटेवर ‘ओयाकी’ विकणारी दुकाने आहेत. गव्हाच्या किंवा बकव्हीटच्या पिठाच्या पारीत नोझावाना ही पालेभाजी, भोपळा, वांगे किंवा लाल चवळीसारख्या ‘आझुकी’चे गोड पुरण भरून ती वाफवतात अथवा भाजतात. थंडीत गरम ओयाकी हातात धरून मंदिराकडे चालत जाणे हा या शहरातील उत्तम नाश्ता आहे. नागानोहून बसने जिगोकुदानीच्या पायथ्याशी जाता येते. तेथून जंगलातील वाटेने अर्धा-पाऊण तास चालल्यावर गरम पाण्याच्या झऱ्यांत बसलेली माकडे दिसतात. ती जंगली आहेत, त्यामुळे त्यांना खाऊ दाखवू नये, स्पर्श करू नये आणि डोळ्यांत डोळे घालून पाहू नये. जानेवारी-फेब्रुवारीतील कडाक्याच्या थंडीत ती पाण्यात हमखास उतरतात. हवा उबदार असेल, तर ती काठावरच रेंगाळतात, म्हणून डिसेंबरच्या आरंभी जाणाऱ्यांनी फार अपेक्षा धरू नये.

कानाझावात ‘जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका’ अशी जुनी म्हण आहे आणि ती शब्दशः पाळावी. केनरोकुएन या बागेत दर वर्षी १ नोव्हेंबरपासून ‘युकित्सुरी’चे काम सुरू होते: झाडाशेजारी उंच खांब रोवून त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधतात, जेणेकरून ओल्या, जड बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत. कारासाकी पाइनवरचा दोरांचा शंकू सकाळी लवकर, गर्दी होण्याआधी पाहावा. मत्स्याहारी प्रवाशांनी दुपारचे जेवण ओमिचो बाजारात घ्यावे. येथील खेकड्याचा हंगाम ६ नोव्हेंबरला उघडतो. मोठा नर खेकडा मार्चपर्यंत मिळतो, तर ‘कोबाको’ ही लहान, अंड्यांनी भरलेली मादी फक्त डिसेंबरअखेरपर्यंत मिळते व ती तुलनेने बरीच स्वस्त असते. त्याच किनाऱ्यावरील ‘बुरी’ हा मासा थंडीत चरबीने भरतो आणि त्या काळातच त्याची खरी चव लागते.

शिराकावा-गो: एक रात्र अवश्य

या संपूर्ण मार्गावर माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे: शिराकावा-गोमधील ओगिमाची हे गाव दोन तासांत पाहून पुढे जाऊ नये, तेथे एक रात्र राहावे. सुमारे ६० अंशांचा उतार असलेली जाड गवती छपरे येथील प्रचंड बर्फ पेलण्यासाठी घडली आणि त्या छपरांखालील माळ्यांवर पूर्वी रेशीमकिडे पाळले जात. छप्पर शाकारण्याचे काम गावकरी ‘युई’ या परस्पर मदतीच्या प्रथेने एकत्र येऊन करीत आले आहेत. गोकायामाच्या खेड्यांसह हे गाव १९९५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. वाडा कुटुंबाचे घर आतून पाहावे, म्हणजे लाकडी सांगाडा दोरांनी कसा आवळलेला आहे हे समजते.

बहुसंख्य पर्यटक दुपारी येतात आणि शेवटच्या बसने परततात. त्यानंतर गावातील खाण्याची ठिकाणेही बहुतेक बंद होतात, त्यामुळे रात्री बाहेर काही मिळेल अशा भरवशावर राहू नये. जेवणासह खोली आरक्षित करावी आणि ती काही महिने आधी करावी. गवती छपराच्या घरांतील मुक्काम साधा असतो: खोल्यांमध्ये कागदी सरकते दरवाजे, जमिनीवर गाद्या, सामायिक स्नानगृह व शौचालय. जेवणात नदीतील मासा, रानभाज्या, टोफू, लोणची आणि पुष्कळदा हिदा प्रांतातील गोमांस असते. जे गोमांस खात नाहीत त्यांनी हे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण यजमान घरातल्या मोजक्या माणसांच्या बळावर सर्वांसाठी एकदाच स्वयंपाक करतात आणि ताट मांडल्यावर बदल मागणे त्यांना अडचणीत टाकणारे असते. जेवणाची वेळ चुकवू नये. रोख रक्कम जवळ ठेवावी. ती सेव्हन-इलेव्हनमधील एटीएममधून शहरातच काढून घेणे बरे.

जानेवारी-फेब्रुवारीतील ठरावीक संध्याकाळी गावात दिव्यांची रोषणाई होते व त्यासाठी आगाऊ आरक्षण बंधनकारक असते. ते दृश्य सुंदर असते यात शंका नाही, परंतु त्या तारखांभोवती सगळी सहल बांधू नये, असे माझे मत आहे. साध्या रात्री खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात आणि भल्या पहाटे पाऊल न पडलेल्या बर्फात हे गाव अधिक जवळून पाहता येते. ही घरे आजही लोकांची राहती घरे आहेत, म्हणून अंगणात शिरणे किंवा खिडकीतून छायाचित्रे घेणे टाळावे. गवती छपरांमुळे आगीची भीती मोठी असल्याने उघड्यावर धूम्रपान करणे पूर्णपणे वर्ज्य मानावे.

ताकायामाला पोहोचल्यावर दुसऱ्या सकाळी मियागावा नदीकाठचा बाजार पाहावा. तो हिवाळ्यात आठच्या सुमारास भरतो. तेथील ‘मिताराशी दांगो’ हे तांदळाच्या पिठाचे भाजलेले गोळे इतर ठिकाणांप्रमाणे गोड नसून सोया सॉसमुळे खारट असतात. मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर निखाऱ्यांवर शिजवलेला ‘होबा मिसो’ (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे वाटण) गरम भाताबरोबर खावा. हिवाळा हा साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळण्याचा हंगाम असल्याने सान्माची भागातील जुन्या भट्ट्यांच्या दारांवर सीडरच्या पानांचे हिरवे गोळे टांगलेले दिसतात. ती नवी साके तयार झाल्याची खूण असते.

शाकाहारी प्रवाशांसाठी

महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेकांना ही माहिती सर्वांत आधी हवी असते. जपानी स्वयंपाकात मांस टाळणे अवघड नाही. अडचण आहे ती ‘दाशी’ या रश्शाची, जो बहुधा कात्सुओ माशाच्या सुकवलेल्या कीसापासून करतात. मिसो सूप, सोबा-उदोन या शेवयांचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, इतकेच काय पण रानभाज्यांचा सोबाही त्यामुळे शाकाहारी राहत नाही. केवळ ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने हे समोरच्याला कळत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ-दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस व मासे खात नाही आणि कात्सुओची दाशीही चालत नाही, असे स्पष्ट सांगावे आणि हेच वाक्य जपानी लिपीत फोनवर तयार ठेवावे. दुकानातील ओनिगिरी (भाताचा गोळा) घेताना उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) घ्यावी, पण वेष्टनावरील घटक फोनच्या भाषांतर सुविधेने वाचूनच.

खात्रीचा मार्ग म्हणजे बौद्ध मठांचे ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण, ज्यात रस्सा कोम्बू या समुद्री शेवाळापासून आणि शिताके अळंब्यांपासून करतात. क्योतोतील आराशियामा भागात तेनर्‍यूजी मंदिराच्या आवारातील ‘शिगेत्सु’ येथे हे जेवण मिळते. नानझेनजीच्या परिसरातील ‘युदोफू’, म्हणजे कोम्बूच्या पाण्यात गरम केलेला टोफू, थंडीत फार सुख देतो; मात्र सोबतच्या सॉसमध्ये माशाची दाशी आहे का, हे विचारून घ्यावे. मुक्कामासह शाकाहार हवा असेल, तर ओसाकाच्या नाम्बा स्थानकाहून रेल्वे व केबल कारने कोयासानला जावे. इ.स. ८१६ मध्ये बौद्ध भिक्षू कूकाई यांना हे पर्वतस्थान मिळाले; आज तेथील अनेक मठांत पाहुण्यांची राहण्याची सोय आहे. जेवण साडेपाच-सहाला खोलीत किंवा पंक्तीत येते आणि त्यात गोठवून वाळवलेला कोया-दोफू असतो, जो थंडीच्याच उपयोगातून जन्मलेला पदार्थ आहे. खोल्या थंड असतात, उबदार कपडे न्यावेत. घरचेच पदार्थ हवे असतील, तर टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय वस्तीमुळे किराणा दुकाने व उपाहारगृहे आहेत.

तारखा निवडताना

नववर्ष हा जपानमधील सर्वांत मोठा कौटुंबिक सण असून २९ डिसेंबर ते ३ जानेवारी या काळात बहुतेक संग्रहालये आणि अनेक छोटी उपाहारगृहे बंद असतात. त्या दिवसांत तेथे असलात, तर ३१ डिसेंबरला ‘तोशिकोशी सोबा’ खावा, मध्यरात्री एखाद्या मंदिरात १०८ घंटानाद ऐकावेत आणि पहिल्या दर्शनासाठी टोकियोतील मेइजी जिंगू या देवस्थानाच्या अलोट गर्दीऐवजी मुक्कामाजवळचे लहान देवस्थान निवडावे. १ जानेवारीच्या जेवणाची सोय आदल्या दिवशीच करावी. क्योतोत बर्फ क्वचित साचते आणि दुपारपर्यंत वितळते. रात्री बर्फ पडल्यास किन्काकुजी या सोनेरी मंदिराला सकाळी नऊला, दार उघडतानाच पोहोचावे. तारखा आपल्या हाती असतील, तर जानेवारीतील दुसऱ्या सोमवारची सुट्टी उलटल्यावर निघावे: दुकाने उघडलेली असतात, देशांतर्गत गर्दी ओसरलेली असते आणि डोंगरांत बर्फ चांगले साचलेले असते. चिनी नववर्षाची सुट्टी कोणत्या आठवड्यात येते तेवढे पाहून तो आठवडा टाळावा, आणि शिराकावा-गोची खोली मिळाल्यावरच बाकीचे आरक्षण पक्के करावे.