‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचनगटात कशी वाचावी

हार्पर ली यांच्या १९६० सालच्या या कादंबरीत ३१ प्रकरणं आहेत. चार बैठका पुरतात: १ ते ११, १२ ते १६, १७ ते २३ आणि २४ ते ३१. गळती लागते ती पहिल्या बैठकीनंतर, कारण टॉम रॉबिन्सन या काळ्या मजुरावरच्या बलात्काराच्या खटल्याची वाट पाहून लोक कंटाळतात. म्हणून पहिल्या भागासाठी आधीच काम द्या: अलाबामा राज्यातल्या मेकोम गावात कोण कुठे राहतं आणि देणं कसं फेडतं, हे वहीत टिपायचं. गरीब शेतकऱ्याचा मुलगा वॉल्टर कनिंगहॅम शिक्षिकेने पुढे केलेलं पाव डॉलरचं नाणं घेत नाही. त्याचा बाप वकील ॲटिकस फिंचची फी सरपण आणि भाजीपाला देऊन फेडतो. गोरं पण दरिद्री यूएल कुटुंब गावच्या उकिरड्यामागे, पूर्वी एका काळ्या कुटुंबाचं असलेल्या खोपटात राहतं. २३व्या प्रकरणात ॲटिकसचा मुलगा जेम माणसांचे चार प्रकार सांगतो, तेव्हा ही टिपणं काढून उतरंड ताडून पाहा.

खटल्याची १७ ते २१ ही प्रकरणं सलग वाचा आणि पुरावा फळ्यावर मांडा. टॉमवर आरोप करणाऱ्या मेएला यूएलच्या चेहऱ्याची उजवी बाजू सुजलेली. टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणीच सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. मेएलाचा बाप बॉब यूएल डावखुरा. डॉक्टरला कुणी बोलावलंच नाही. एवढं लख्ख असूनही ज्युरी टॉमला दोषी ठरवते.

का, याचं उत्तर १९व्या प्रकरणात आहे. तिथे घाई करू नका. मेएलाला मदत का केलीस, असं विचारल्यावर टॉम म्हणतो की तिची कीव आली. सरकारी वकील तेच शब्द उचलून धरतो आणि बोलण्यात चूक झाली हे टॉमलाही कळतं. गोरी बाई कितीही दरिद्री असो, काळ्या मजुराने तिची कीव करायची नाही, हा तिथला अलिखित कायदा. वर्ग आणि वंश इथे एकाच वाक्यात भिडतात.

आपल्याकडे चर्चा दहा मिनिटांत जातीवर येते. येऊ द्या, पण शेवटच्या बैठकीत. त्याआधी अलाबामा समजून घ्या: १९३१चा स्कॉट्सबरो खटला, त्यात बलात्काराचा खोटा आरोप झालेले नऊ काळे तरुण, आणि काळ्यांना ज्युरीबाहेर ठेवण्याविरुद्ध १९३५ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल. हे माहीत नसेल तर सगळा दोष त्या बारा ज्युरींच्या स्वभावावर ढकलला जातो.

दुसरी अडचण टॉमचा वकील असलेल्या ॲटिकसची. गट त्याच्या कौतुकात रमतो आणि काळी माणसं नुसती पार्श्वभूमी होऊन बसतात. उपाय म्हणून १२व्या प्रकरणातला काळ्यांच्या चर्चमधला प्रसंग मोठ्याने वाचा: झीबो एकेक ओळ सांगतो, सगळे ती गातात, आणि टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत रेव्हरंड दार उघडत नाही. वंशवाचक शिवी मोठ्याने उच्चारायची की गाळायची, हे मात्र पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून ठरवा.

शेवटच्या बैठकीत २४वं प्रकरण दोघांना वाटून द्या. एकाने मिशनच्या चहापानातल्या बायकांचं बोलणं वाचायचं, दुसऱ्याने त्या वेळी फिंचांच्या घरची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया काय करते आहे तेवढंच टिपायचं.