दिवाळीच्या सुट्टीतला हिमालय : फराळ, शिधा आणि अस्वल

बडोद्याची मराठी मंडळी हिमालयातल्या आठ-दहा दिवसांच्या ट्रेकसाठी बहुधा दिवाळीची सुट्टी निवडतात, आणि नेमक्या त्याच सुमारास तिकडची अस्वले थंडीच्या आधी अंगावर चरबी चढवण्यासाठी सतत खाण्याच्या शोधात असतात. त्यामुळे अस्वलापासून जपण्याची तयारी आपल्या स्वयंपाकघरातच सुरू व्हायला हवी.

आपल्याला जवळचे अस्वल म्हणजे दाहोद जिल्ह्यातल्या रतनमहाल अभयारण्यातले. ते वाळवी, मोहाची फुले, जांभळे आणि मध यांवर जगते. माणसाच्या पिशवीमागे सहसा लागत नाही, पण झुडपाआड अचानक गाठ पडली तर बिथरून अंगावर येते. म्हणून तिथे मोठ्याने बोलत चालणे महत्त्वाचे ठरते. हिमालयातही ते करावेच, परंतु तिथे त्याहून अधिक लक्ष अन्नाच्या वासाकडे द्यावे लागते.

शिध्याचा हिशेब वजनाने करावा. माणशी रोज सुमारे 700 ग्रॅम कोरडे अन्न धरले, तर आठ दिवसांचे 5.6 किलो होते. एक ग्रॅम तुपातून 9 कॅलरी मिळतात, तर पिठातून वा साखरेतून जेमतेम 4. त्यामुळे बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या, सुखडी आणि भाजलेले दाणे हे ओझ्याच्या मानाने फार उपयोगी पडतात. आपला लाडका लीलो चेवडो मात्र ओलसर असल्याने रेल्वेतच संपवावा. जेवणासाठी तूरडाळ नेऊ नये. 3500 मीटर उंचीवर पाणी साधारण 88 अंशांनाच उकळते आणि कुकरशिवाय ती डाळ तासन्‌तास कच्चीच राहते. घरी शिजवून पाहिल्याने हा फरक कळणार नाही, कारण बडोदे समुद्रसपाटीपासून अवघ्या 40 मीटरांच्या आसपास आहे. त्याऐवजी मुगाची डाळ आणि तांदूळ भाजून, मीठ-हळद मिसळून ठेवावे. सोबत मेतकूट आणि थोडे तूप असले की पोटभर जेवण होते.

प्रत्येक दिवसाचा शिधा वेगळ्या जाड पिशवीत हवा काढून बंद करावा, तिच्यावर दिवसाचा आकडा लिहावा आणि सगळ्या पिशव्या फिरकीच्या झाकणाच्या कडक प्लास्टिकच्या डब्यात भराव्यात. टूथपेस्ट, साबण आणि सुगंधी मलमेही रात्री त्याच डब्यात गेली पाहिजेत. हे मी आग्रहाने लिहितो, कारण कुलू भागातल्या एका मुक्कामी माझ्याच सॅकच्या बाजूच्या कप्प्यात मूठभर शंकरपाळ्या राहिल्या होत्या आणि सॅक तंबूबाहेर टेकवलेली होती. सकाळी तो कप्पा उभा फाटलेला होता आणि शेजारच्या चिखलात माणसाच्या अनवाणी पावलासारखा, पण बोटांच्या पुढे नखांची टोके उमटलेला ठसा होता. तंबूत आम्ही दोघे झोपलो होतो, अंतर हातभर होते.

तेव्हापासून आम्ही स्वयंपाक तंबूपासून शंभर पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला करतो आणि डबाही तितक्याच अंतरावर ठेवतो. झाडे असतील तिथे तो जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दीड-दोन मीटर लांब टांगावा. झाडे संपतात तिथे दगडांच्या खोबणीत दडपून ठेवावा. खरकटे पुरू नये, कारण अस्वल ते सहज उकरते. ते घट्ट बांधून परत आणावे.

एवढे करूनही अस्वल समोर आलेच, तर धावू नये, कारण त्याच्या वेगापुढे माणसाचा टिकाव लागत नाही, आणि झाडावरही चढू नये. त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरकावे. पिल्ले दिसली तर त्यांच्या आणि आईच्या मध्ये येऊ नये. ते अंगावर आलेच, तर सॅक पाठीवर तशीच ठेवून पालथे पडावे, दोन्ही हातांनी मान झाकावी, चेहरा जमिनीकडे ठेवावा आणि ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नये.