कमी खर्चात, कचरा न करता गिफ्ट कसं द्यायचं

मागे एकदा माळा साफ करताना मला एक फोटोफ्रेम सापडली, ती मीच दोन वर्षांपूर्वी कुणालातरी दिलेली, फिरत फिरत माझ्याकडेच परत आली होती आणि कहर म्हणजे मागे मी चिकटवलेली सेलोटेप पण तशीच! हसू आलं आणि जरा लाजही वाटली. तेव्हापासून गिफ्ट देताना मी आधी एकच बघते, ही वस्तू वापरली जाणारे का? इकोफ्रेंडली वगैरे शिक्के त्यानंतर.

कारण बघा, कापडी पिशवी म्हटलं की आपल्याला वाटतं झालं आपलं काम. पण डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात साध्या सुती पिशवीला दुकानातल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला नुसत्या हवामानाच्या दृष्टीने ५२ वेळा वापरावं लागतं असं निघालं, आणि सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा. (नदीनाल्यात जाणारा कचरा त्यात धरलेला नव्हता, म्हणून प्लास्टिकच बरं असा अर्थ काढू नका.) मुद्दा इतकाच की ज्याच्या दाराच्या मागे आधीच दहा पिशव्या लटकतायत त्याला अकरावी देऊन काही वाचत नाही.

तर सगळ्यात आधी, विचारा. सरप्राइज जातं म्हणून लोक विचारत नाहीत, पण १९९३ मध्ये जोएल वॉल्डफोगल नावाच्या अर्थतज्ज्ञाने अमेरिकेत विद्यार्थ्यांना विचारलं होतं की मिळालेल्या गिफ्ट्स तुम्ही स्वतः कितीला घेतल्या असत्या, तर खऱ्या किमतीपेक्षा १० टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी आकडा आला. लांबच्या नातेवाइकांच्या गिफ्टमध्ये सगळ्यात जास्त नुकसान, मित्रमैत्रिणींच्या गिफ्टमध्ये कमी, म्हणजे ज्याला आपण ओळखतो त्याचं बरोबर जमतं. थेट विचारायला ऑकवर्ड वाटत असेल तर वर्षभर फोनमध्ये एक नोट ठेवा, कुणी बोलता बोलता "माझी कात्री कधीची बोथट झालीये" म्हणालं की लगेच टाका त्यात. हे माझं सगळ्यात कामाला आलेलं शस्त्र आहे.

आता फुकटातलं माझं आवडतं गिफ्ट म्हणजे मनीप्लांट. फक्त महिनाभर आधी सुरुवात करा. वेलीला जिथे पान फुटतं तिथे पेर असतं, बघितलंत तर मुळाचा छोटासा तपकिरी उंचवटा पण दिसेल, त्या पेराच्या जरा खालून स्वच्छ कात्रीने कापायचं. मी पहिल्यांदा नुसती देठासकट पानं तोडून पाण्यात ठेवली होती, दिसायला मस्त, पण नवा कोंब पेरापासूनच फुटतो त्यामुळे वेल काही आली नाही, शेवटी कुजून वास यायला लागला. पेर पाण्यात बुडालेलं हवं, पान पाण्याच्या वर, कडक ऊन नको पण उजेड हवा, आणि पाणी आठवड्यातून एकदा बदला. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात, बोटभर झाली की देऊन टाका. घरात मांजर-कुत्रा किंवा सगळं तोंडात घालणारं बाळ असेल तर मात्र हे झाड नको, चावलं तर तोंडाची आग होते.

ते ठेवायला घरातलीच रिकामी काचेची बरणी घ्या. लेबलचा कागद गरम पाण्यात निघतो पण चिकट राहतं ना खाली, त्याला खायचं तेल आणि खायचा सोडा सारखा घेऊन लावा, अर्धा तास विसरून जा, मग घासा आणि साबणाने धुवा. नखांनी खरवडत बसायची गरज नाही.

वस्तू नकोच असेल तर वेळ द्या. मुलं सांभाळणं, सायकल दुरुस्त करणं, आजोबांना फोन शिकवणं (याला संयम लागतो, आधीच सांगते). तसं एक कूपन लिहून द्यायचं, पण त्यावर "कधीही" असं लिहू नका. मी तसं लिहिलं होतं आणि ते कधीच वापरलं गेलं नाही, कारण कुणी स्वतःहून मागत नाही. त्यापेक्षा तारीखच टाका.

जुनी पुस्तकं, खेळणी, चांगल्या अवस्थेतलं काहीही द्यायला हरकत नाही, फक्त ते जुनं आहे हे लपवू नका. आणि मोठं कुटुंब असेल तर चिठ्ठ्या टाका, प्रत्येकाने एकालाच द्यायचं, बजेट ठरवून.

राहिलं पॅकिंग. चकचकीत कागद हातात घट्ट चुरगाळून बघा, सोडल्यावर परत उलगडला तर त्यात प्लास्टिक किंवा धातूचा थर असण्याची शक्यता जास्त, तो रद्दीत चालत नाही. चमकी तर नकोच, ती बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते, युरोपियन युनियनने अशा सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर २०२३ पासून बंदी आणली ती याचसाठी.

त्यापेक्षा कापडात बांधा, जपानी लोक फुरोशिकी म्हणतात ते. चौकोनी कापड घ्या, जुन्या चादरीतून किंवा ओढणीतून कापलं तरी चालतं, त्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचा माप बॉक्सच्या लांबीच्या तिप्पट असावा. बॉक्स कापडाच्या मधोमध तिरका ठेवा, एक कोपरा वरून घेऊन खाली खोचा, समोरचा त्यावर आणा, मग उरलेले दोन ओढून वर गाठ मारा. सेलोटेप लागतच नाही. फक्त कापड पण गिफ्टमध्येच आहे की परत हवंय ते देतानाच सांगा, माझे दोन चांगले स्कार्फ असेच गेलेत आणि आता मागायची सोय नाही.