फायबर काँक्रीट: क्यूब पास झाला म्हणून निश्चिंत होऊ नका, या चुका टाळा

"फायबर टाकूनही क्यूबची ताकद वाढली नाही, मग एवढा खर्च कशाला करायचा?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. (फायबर म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे स्टील, प्लास्टिक किंवा काचेचे बारीक तुकडे. क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा.) विचारणाऱ्याच्या हातातला रिपोर्ट खरा असतो, क्यूबही नीट भरलेले असतात. फक्त जे काम फायबरचं नाही, ते त्याच्याकडून मागितलेलं असतं.

क्यूब दाबून फुटतो. नेहमीच्या डोसला, म्हणजे घनमीटरला २० ते ४० किलो स्टील फायबर घातल्यावर, दाबातली ताकद जवळपास आहे तेवढीच राहते. वाकवताना पहिला तडा ज्या भाराला जातो, तो भारही फारसा हलत नाही. बदलतं ते त्यानंतरचं. साध्या काँक्रीटचा बीम तडा गेल्याक्षणी दोन तुकडे होऊन पडतो. फायबरचा बीम तडा उघडत असताना भार पेलत राहतो, कारण तड्याच्या दोन्ही काठांना फायबरने धरून ठेवलेलं असतं आणि ते एकदम सुटत नाही, घासत घासत उपसून येतं. या उरलेल्या ताकदीला रेसिड्युअल स्ट्रेंथ म्हणतात आणि डिझाइन तिच्यावरच उभं असतं. म्हणून फक्त क्यूब फोडून फायबर काँक्रीट पास किंवा नापास करणं, ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. क्यूब हवाच, पण तो काँक्रीटसाठी. फायबरसाठी बीम फोडा.

बीम फोडला, पण चुकीच्या मशीनवर

इथे पुढची चूक टपून बसलेली असते. नुसता भार वाढवत नेणाऱ्या मशीनवर बीम ठेवला की तडा जाताच मशीन झटका देतं, तडा एकदम उघडतो आणि रिपोर्टवर एकच आकडा येतो: कमाल भार. ज्याच्यासाठी फायबर घातलं तो भाग मोजलाच गेला नाही. बीम किती वाकला किंवा तडा किती उघडला, यावर चालणारं मशीन लागतं. ईएन १४६५१ या युरोपियन पद्धतीत १५० बाय १५० मिलिमीटरच्या बीमला मध्यभागी खालून २५ मिलिमीटर खोल खाच पाडतात, ५०० मिलिमीटरच्या स्पॅनवर (दोन आधारांमधल्या अंतरावर) ठेवतात आणि खाचेचं तोंड ०.५, १.५, २.५ आणि ३.५ मिलिमीटर उघडल्यावर किती ताकद उरली ते मोजतात. ०.५ चा आकडा रोजच्या वापरातल्या बारीक तड्यांचा अंदाज देतो, २.५ चा आकडा शेवटच्या टप्प्याचा. एएसटीएम सी१६०९ या अमेरिकन पद्धतीत खाच नसते, तिथे बीम मध्यभागी किती खाली वाकला ते मोजतात. कोणतीही पद्धत घ्या, पण दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका.

तीन बीमच्या सरासरीवरही विसंबू नका. तड्याच्या जागी किती फायबर सापडतील हे बरंचसं नशिबावर असतं, त्यामुळे एकाच मालाच्या बीममध्ये २० टक्क्यांचा फरक सहज पडतो. निदान सहा बीम भरा. आणि ते भरताना नीडल व्हायब्रेटर, म्हणजे काँक्रीट दाबून बसवणारी थरथरती सुई, आत घालू नका. जिथे सुई फिरते तिथे फायबर बाजूला सरकतं आणि नेमकी ती जागा रिकामी राहते. साचा बाहेरून हलवा. लांब फायबर छोट्या साच्यातही भरू नका. ६० मिलिमीटरचं फायबर १०० मिलिमीटरच्या साच्यात भिंतीला समांतर झोपतं आणि निकाल फसवा येतो. साच्याची सगळ्यात लहान बाजू शक्यतो फायबरच्या लांबीच्या तिप्पट असावी, आणि ६० मिलिमीटरच्या फायबरला १५० मिलिमीटरपेक्षा लहान साचा नको, हा हिशेब लक्षात ठेवा.

"तीस किलो म्हणजे तीस किलो"

असं नसतं, आणि हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ६० मिलिमीटर लांब आणि ०.७५ मिलिमीटर जाड स्टील फायबर एका किलोत साधारण ४,८०० बसतात. जाडी ०.९ मिलिमीटर केली की तेवढ्याच लांबीचे ३,३०० उरतात. ३० किलोच्या डोसला एका घनमीटरमध्ये दीड लाखाच्या जवळपास आणि एक लाख, एवढा फरक पडतो. तडा कुठून जाणार हे आधी ठरलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या वाटेत किती तारा आडव्या येतात याला महत्त्व आहे. खरेदीच्या वेळी "तेवढेच किलो, थोडं जाड फायबर" असा बदल कोणी सुचवला तर लांबी भागिले जाडी हे गुणोत्तर बघा. इथे ते ८० वरून ६७ वर येतं. बदल करायचाच असेल तर बीम पुन्हा फोडून बघितल्याशिवाय करू नका.

बारीक पॉलिप्रोपिलीन (प्लास्टिकचं) फायबर ही तर वेगळीच वस्तू. घनमीटरला ०.९ किलो, म्हणजे आकारमानाने ०.१ टक्का, घातलं की ओल्या काँक्रीटला पहिल्या काही तासांत पडणाऱ्या भेगा आवरतात. आग लागली की ते साधारण १६० ते १७० अंशांना वितळतं आणि आतल्या वाफेला वाट करून देतं. पण त्याच्या भरवशावर सळईची जाळी काढून टाकणं धोक्याचं आहे. क्युरिंगलाही, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्यालाही, ते पर्याय नाही.

गोळे आणि पाणी

फायबरचा गोळा एकदा हातात घेऊन बघा. बाहेरून सिमेंटची चिखलट साय, आत काटेरी जाळं, आणि मध्ये साफ कोरडं. तिथे काँक्रीट पोचलेलंच नसतं. असे गोळे मिक्सरचा ड्रम फिरवून सहसा सुटत नाहीत, म्हणून ते होऊच न देणं महत्त्वाचं. रिकाम्या ड्रममध्ये आधी फायबर ओतणं, अख्खी पिशवी एकदम उलटी करणं, माल कोरडा असणं, बारीक भाग कमी आणि खडी जास्त असणं, ही नेहमीची कारणं. काँक्रीट तयार झाल्यावर ड्रम पूर्ण वेगात ठेवून फायबर थोडं थोडं सोडा. नंतर घनमीटरला साधारण एक मिनिट फिरवा, पण पाच मिनिटांपेक्षा कमी नाही. गोंदाने चिकटवलेल्या पट्ट्यांच्या रूपात मिळणारं फायबर इथे खूप सोपं जातं.

फायबर पडलं की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा दाखवणारा आकडा, उतरतो आणि कोणाचा तरी हात पाण्याच्या पाइपाकडे जातो. तो तिथेच थांबवा. जादा पाण्याने काँक्रीट कमजोर होतंच, शिवाय फायबरवरची पकड सैल होते आणि मग ते भार न घेताच निसटून येतं. आधीच सुपरप्लास्टिसायझरची, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाची, तजवीज ठेवा. शिवाय स्लम्प कमी दिसणारा फायबरचा माल व्हायब्रेशनखाली चांगला हलतो, त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरू नका.

फुटलेला बीम टाकून देऊ नका

आकडे कमी आले तर उत्तर बहुतेक वेळा तुटलेल्या तोंडावर मिळतं. स्टील फायबरच्या टोकाला पकडीसाठी वाकवलेला हुक असतो. फायबर बाहेर आलेलं आहे आणि हा हुक सरळ झाला आहे? म्हणजे त्याने प्रामाणिकपणे काम केलं. टोक अजून वाकडंच आहे आणि भोवती मोकळी पोकळी आहे? काँक्रीट कमजोर होतं किंवा नीट दबलं नव्हतं. तार मध्येच कटकन तुटली आहे? मग काँक्रीट तारेपेक्षा वरचढ ठरलं. हे जास्त ताकदीच्या काँक्रीटमध्ये घडतं. साधारण १,००० ते १,२०० मेगापास्कलची तार तिथे कमी पडते, आणि तार उपसून येण्याऐवजी तुटली की बीमही ठिसूळपणे तुटतो. डोस वाढवण्याआधी जास्त ताकदीची तार घेऊन बघा. तोंडाच्या वरच्या अर्ध्यात फायबर तुरळक आणि खाली दाट असेल, तर माल पातळ होता किंवा व्हायब्रेशन जास्त झालं.

काचेचं फायबर वापरणार असाल तर अल्कलीला टिकणारं, झिर्कोनियायुक्तच घ्या. साधं ई-ग्लास (नेहमीच्या काचेचं फायबर) सिमेंटमध्ये हळूहळू खाल्लं जातं, आणि २८ दिवसांच्या टेस्टमध्ये त्याचा मागमूसही लागत नाही.

डोसबद्दल शंका असेल तर माल ओला असतानाच तपासा. गाडीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दहा-दहा लिटर काँक्रीट घ्या, धुऊन काढा, स्टील फायबर चुंबकाने गोळा करा, वाळवा आणि तोला. ३० किलोच्या डोसला प्रत्येकी ३०० ग्रॅमच्या आसपास यायला हवेत. तिन्ही वजनांची सरासरी बरोबर पण आपसात मोठी तफावत असेल, तर मिक्सिंग कमी पडलं. तिन्ही वजनं सारखीच कमी असतील, तर पिशव्या मोजा.