टायटेनियमला कल्हई लागत नाही: इम्प्लांटच्या लाइनमध्ये येऊ बघणाऱ्यांसाठी

आमच्या आत्याचं मांडीचं हाड मोडलं तेव्हा रत्नागिरीच्या घरात पहिला प्रश्न आला तो हाच, "आत घातलेली पट्टी गंजणार नाय ना?" आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण मिरकरवाड्याजवळ राहणाऱ्या माणसाला खारी हवा लोखंडाचं काय करते ते वेगळं सांगायला लागत नाही, खिडकीचे गज सारखे खरवडून रंगवायलाच लागतात. समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण ३.५ टक्के, आणि शरीराच्या जागी आम्ही टेस्टला घेतो ते सलाईन ०.९ टक्के, म्हणजे खारटपणा कमी, पण ३७ डिग्रीला, रात्रंदिवस, वर्षानुवर्षं, आणि माणूस चालला की पट्टीवर जोर पडतो तो वेगळाच. मी बीएससी केमिस्ट्री करून मग मटेरियल्सकडे वळलो, आता इम्प्लांटचा, म्हणजे शरीरात बसवायच्या धातूच्या पट्ट्या-स्क्रूंचा, पृष्ठभाग तयार करणं आणि तो गंजतो का ते तपासणं हे माझं काम, गावातली मुलं सुट्टीत त्याबद्दल विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितोय.

आधी हे समजून घ्या. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपण कल्हई करतो, म्हणजे एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर. टायटेनियमला असा बाहेरचा थर लागत नाही, हवा-पाणी लागलं की ते स्वतःच अंगावर ऑक्साइड धरतं, जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, आणि ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की क्षणात परत धरतं. आपलं सगळं काम म्हणजे हा थर स्वच्छ आणि सलग यावा एवढं बघणं. पॅसिव्हेशन म्हणजे पार्ट बुडवून साफ करणं, त्यातल्या नायट्रिक अ‍ॅसिडने टूलमधून चिकटलेलं लोखंड निघून जातं. अ‍ॅनोडायझिंगमध्ये व्होल्टेज देऊन थर वाढवतो आणि रंग येतो, तो डायचा नाही, थराच्या जाडीमुळे दिसतो, बंदरात पाण्यावर डिझेल सांडल्यावर दिसतो ना तसाच. पंचवीस-तीस व्होल्टच्या आसपास निळा, पुढे पिवळा, मग गुलाबी. ऑपरेशनच्या वेळी स्क्रूचा साइज पटकन ओळखायला हे रंग कामाला येतात.

पण बोटाचा ठसा राहिला तर तिथे डाग येणारच. धुतलेल्या पार्टवर पाण्याचा पापुद्रा सलग राहिला पाहिजे, अळूच्या पानावर होतात तसे थेंब झाले की तेल राहिलंय, परत धुवा. नवीन मुलांना हे धुणं हलकं काम वाटतं, मला तर ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता टेस्टिंगचं. सँपल सलाईनमध्ये ठेवून व्होल्टेज वाढवत करंट मोजायचा, तो लवकर वर गेला की थर फुटला असं समजतात. पहिल्याच महिन्यात माझ्या ग्रेड ५ च्या सँपलचा (म्हणजे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) करंट फार लवकर वर गेला. मी रिपोर्टमध्ये सरळ 'पिटिंग' (थर फुटून बारीक खड्डे पडणं) लिहून टाकलं. मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि इपॉक्सीचा माउंट, म्हणजे सँपल ज्यात बसवतो तो रेझिनचा ठोकळा, फोडायला लावला. आत, सँपलच्या पाठीला जोडलेली तांब्याची वायर हिरवी पडली होती! इपॉक्सी आणि धातूच्या मधल्या बारीक फटीतून सलाईन मागे गेलेलं, विरघळत होतं ते तांबं, टायटेनियम मायक्रोस्कोपखाली पॉलिश केलं तसंच चकचकीत. दोन आठवड्यांचे रीडिंग फेकून दिले, फार वाईट वाटलं, पण त्याच दिवशी हे काम मला खरं कळलं. तेव्हापासून कडेला लॅकर, टेस्टच्या आधी आणि नंतर मायक्रोस्कोप, आणि एका सँपलवर निष्कर्ष नाही म्हणजे नाही.

टायटेनियमला काहीच होत नाही असंही समजू नका. स्क्रूचं डोकं प्लेटच्या भोकात घासत राहिलं की थर सारखा सारखा फाटतो आणि त्या फटीत ऑक्सिजनही कमी. दाताच्या इम्प्लांटला फ्लोराइड अधिक आंबटपणा ही जोडी वाईट. आणि फिनिश कुठला द्यायचा ते पार्ट कशासाठी आहे त्यावर ठरतं, दाताच्या इम्प्लांटला ब्लास्टिंगने (बारीक कणांचा मारा) आणि एचिंगने (आम्लाने पृष्ठभाग खाणं) मुद्दाम खरखरीत करतात, हाडाने धरून ठेवावं म्हणून, पण जी प्लेट नंतर काढायची असते तिला हाड चिकटलं तर सर्जनचे हाल, तिथे गुळगुळीतच बरं.

शिकायचं तर इलेक्ट्रोकेमिस्ट्री सोडू नका. मेटलर्जीसाठी (धातुशास्त्र) पुण्याचं सीओईपी, मुंबईचं आयआयटी आहेच, पण केमिस्ट्रीवाल्यांनाही दार बंद नाही, मीही तिथूनच आलो. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे एफ८६ आणि एफ२१२९ हे दोन स्टँडर्ड मुलाखतीच्या आधी वाचून जा, पहिलं सरफेसच्या तयारीचं, दुसरं छोट्या इम्प्लांटच्या करोजन टेस्टचं.

आणि पिकलिंगच्या बाथबद्दल, म्हणजे पार्टचा वरचा थर आम्लात बुडवून काढतो त्या टबाबद्दल, कळकळीने सांगतो. त्यात नायट्रिकसोबत हायड्रोफ्लोरिक असतं. नायट्रिक कमी पडलं तर टायटेनियम हायड्रोजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं, तो पार्ट फेकता येईल, पण हायड्रोफ्लोरिक पातळ असलं तर कातडीवर पडल्याचं लगेच कळतही नाही, आत उतरतं, कॅल्शियम धरतं, दुखायला नंतर लागतं. पहिल्या दिवशी त्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल कुठे ठेवलंय ते विचारा, स्वतः उघडून एक्स्पायरी बघा, आणि जेल नसेल तर ते येईपर्यंत बाथजवळ जाऊ नका, सुपरवायझर कितीही घाई करू दे.