कोऱ्या पानाची धास्ती आणि पॅलेटमधला उरलेला रंग

चित्रकलेच्या तासाला नवे स्केचबुक उघडले की माध्यमिक शाळेतील अनेक विद्यार्थ्यांचा हात पहिल्याच पांढऱ्याशुभ्र पानावर अडखळतो आणि पान बिघडेल या भीतीने बराच वेळ नुसते पेन्सिलीला टोक काढण्यात जातो. यावर सोपा उपाय असा की, तास संपताना पॅलेटमध्ये उरलेला जलरंग धुऊन न टाकता त्यात भरपूर पाणी मिसळावे आणि रुंद ब्रशने तो मधल्याच कुठल्या तरी दोन-तीन पानांवर फिरवून ठेवावा. रंग एकसारखा बसला नाही तर उत्तमच. वाळलेल्या डागांच्या कडांतून पुढच्या तासाला एखादा डोंगर, चेहरा किंवा झाडाची साल दिसू लागते, आणि काळ्या पेनाने तेवढ्या कडा गिरवल्या की चित्राला सुरुवात झालेली असते. कोऱ्या पानावर जवळजवळ निरुपयोगी ठरणारी पांढरी पेन्सिलही अशा मातकट छटेवर छान उठून दिसते.

कागद १५० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) पातळ असेल तर तो सहज सुरकुततो, म्हणून पानाची एकच बाजू ओली करावी आणि खाली रद्दीचा कागद सरकवावा. पाने पूर्ण वाळण्याआधी वही मिटू नये, अन्यथा ती एकमेकांना चिकटतात.